साइडमाउंट डायव्हिंग: आधी हार्नेस, मग बंजी, सिलिंडर सगळ्यात शेवटी

गेल्या काही सीझनमध्ये बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली बरीच मंडळी मालवण, गोवा आणि मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला डायव्हिंग करू लागली आहेत. त्यातली काही आता साइडमाउंटकडे वळत आहेत, म्हणजे पाठीवर एक सिलिंडर घेण्याऐवजी दोन्ही कुशींना एकेक सिलिंडर. सामान मांडून बसल्यावर बहुतेकांची चूक एकच होते. सिलिंडर आधी लटकवतात, ते लोंबतं, मग ते सावरायला आणखी एक हुक लावतात, मग आणखी एक पट्टी. शेवटी छातीवर भंगाराच्या दुकानासारखं लोखंड जमतं आणि सिलिंडर लोंबतच राहतं.

सिलिंडर लोंबण्याचं कारण सिलिंडरमध्ये जवळपास कधीच नसतं. ते त्याच्या आधीच्या पायरीत असतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. एखाद्या टप्प्यावर अडलात तर पुढं रेटण्याऐवजी एक टप्पा मागं जाऊन तपासा.

हा लेख प्रशिक्षकाची जागा घेत नाही. कोर्सला जाण्याआधी आणि कोर्सनंतर स्वतःचं सामान बसवताना तो हाताशी ठेवा.

## टप्पा १: आपण तयार आहोत का?

पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या साइडमाउंट कोर्सला ओपन वॉटर हे पहिल्या पातळीचं सर्टिफिकेट आणि १५ वर्षं वय लागतं. त्यात एक सराव बंदिस्त पाण्यात आणि तीन डाइव्ह खुल्या पाण्यात असतात. कागदावर एवढं पुरतं. माझ्या मते मात्र निदान ४० डाइव्ह झाल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. एका जागी, एका खोलीवर, हात न हलवता दोन मिनिटं आडवं तरंगता येत नसेल, तर दोन सिलिंडर घेतल्यावर तोच दोष दुप्पट होऊन समोर येतो.

तपासा: पाण्यात पाच मीटरवर पालथे आडवे थांबा आणि सोबत्याला बाजूनं व्हिडिओ घ्यायला सांगा. गुडघे खाली लोंबत असतील तर आधी ते सुधारा. बेडकासारखी लाथ, म्हणजे फ्रॉग किक, याच वेळी पक्की करून घ्या. साइडमाउंटमध्ये सायकल मारल्यासारखी लाथ मारली की पाय सिलिंडरच्या बुडावर आपटतात.

## टप्पा २: सामान जमवताना

लागणारं सामान असं: साइडमाउंटचा हार्नेस (अंगावरच्या पट्ट्यांचा साज) आणि त्याची विंग (हवा भरून फुगवायची पिशवी), बंजी, दोन कॅम बँड (सिलिंडरभोवती आवळायचे पट्टे), दोन पूर्ण रेग्युलेटर, दोन छोटे प्रेशर गेज, आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट स्नॅप (सिलिंडर हार्नेसला अडकवायचे खिट्टीचे हुक). आपल्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी ११.१ लिटरचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर मिळतं, ज्याला सगळे एटी म्हणतात. ते भाड्यानं घ्या, विकत घेऊ नका. सिलिंडर ठरलं की बाकीची मापं त्यावर बसवायची.

आपल्याकडं बेळगावात उद्यमबागेची औद्योगिक वसाहत असल्यानं डी-रिंग आणि प्लेट घरच्या घरी करून घेण्याचा मोह होतो. करून घ्या, काही हरकत नाही, पण कारागिराला ३१६ ग्रेडचं स्टील सांगा. ३०४ दिसायला तेवढंच चकचकीत असतं, पण खाऱ्या पाण्यात जोडाच्या जागी तांबूस पडू लागतं. वेल्डिंगची टोकं कानशीनं घासून घ्या, नाहीतर पट्टा हळूहळू तिथंच कापला जातो. पट्टा शिवून घ्यायचा असेल तर दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा वापरा, सुती नको. कापलेलं टोक तापलेल्या सुरीनं वितळवून बंद करा.

बोल्ट स्नॅपच्या बाबतीत मात्र काटकसर नको. कुत्र्याच्या साखळीला असतो तसा चकचकीत मुलामा दिलेला स्नॅप मी बाजारातून आणला होता. पहिले दोन दिवस छान चालला. तिसऱ्या दिवशी नेत्राणीला डाइव्ह संपवून होडीला लागलो आणि उजव्या सिलिंडरचा मागचा स्नॅप उघडेना. अंगठ्यानं दाबतोय, दाबतोय, खिट्टी जागची हलत नाही. मुलाम्याला तडा जाऊन आतल्या स्प्रिंगभोवती पांढुरकी-हिरवी खरड धरली होती, चुन्यासारखी. लाटांवर वरखाली होत, एका हातानं होडीची दोरी धरून तिथं मिनिटभर झगडलो. सुटका झाली ती एवढ्यासाठीच, की स्नॅप बँडला दोरीनं बांधलेला होता. सोबत्यानं दोरी कापली आणि सिलिंडर वर गेलं.

लक्षात ठेवा: धातूला धातू थेट कधीही जोडू नका. प्रत्येक स्नॅप आणि त्याच्या आधारामध्ये कापता येईल अशी दोरी हवीच, आणि ती कापायला हाताशी छोटा कटर.

सावधान: हवा फक्त डाइव्ह सेंटरच्या श्वसनयोग्य हवेच्या कॉम्प्रेसरवरच भरून घ्या. टायर किंवा स्प्रे पेंटिंगच्या कॉम्प्रेसरची हवा, वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन यातलं काहीही सिलिंडरमध्ये जाता कामा नये. तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड खोल पाण्यात माणूस मारतात. भाड्याच्या सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाच्या चाचणीची) तारीख वाचल्याशिवाय ते हातात घेऊ नका.

## टप्पा ३: हार्नेस, आणि तोही वेटसूट घालून

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. एक अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल.

पहिली चूक: टी-शर्टवर हार्नेस मापून घेणं. पाच मिलिमीटरचा वेटसूट घातला की तेच माप छातीला आवळतं आणि खांद्यातून हात वर जात नाही. घरी पंखा लावून का होईना, पण सूट घालूनच माप घ्या.

क्रम असा ठेवा. आधी कंबरपट्टा: तो नितंबाच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नको. मग खांद्याचे पट्टे: छातीजवळ पट्ट्याखाली चार बोटं आडवी जातील इतके सैल. मग पायांमधला पट्टा. हा पट्टा सगळे सैल सोडतात, कारण उभं असताना तो काचतो. पण पाण्यात आपण आडवे असतो. तो सैल राहिला तर विंग फुगताच अख्खा हार्नेस मानेकडं सरकतो, आणि त्याबरोबर दोन्ही सिलिंडर खाली झुकतात. नव्वद टक्के वेळा दोष बंजीला दिला जातो, खरा दोष या पट्ट्यात असतो.

छातीवरच्या डी-रिंगची जागा ठरवायला हात छातीवर आडवा घ्या. उजव्या अंगठ्याला डावी रिंग आणि डाव्या अंगठ्याला उजवी रिंग न बघता सापडली पाहिजे. दोन्ही रिंग एका उंचीवर आहेत का ते आरशात बघा. अर्ध्या इंचाचा फरकही पाण्यात तिरकेपणा आणतो.

तपासा: विंग तोंडानं पूर्ण फुगवा. जमिनीवर चटई टाकून पालथे झोपा, मान वर करून समोर बघा. हार्नेसचा मागचा भाग मानेला लागला तर पायांमधला पट्टा ओढा. श्वास भरून घेताना छाती आवळली तर विंगखालचे पट्टे सैल करा.

## टप्पा ४: बंजी

बंजी म्हणजे सिलिंडरचा मानेकडचा भाग काखेत धरून ठेवणारी रबरी दोरी. ती पाठीवर खांद्याच्या पात्यांमध्ये बांधलेली असते, काखेखालून पुढं येते आणि व्हॉल्व्हभोवती अडकते. साइडमाउंट गुहांमध्ये वाढलं, तेव्हा लोक यासाठी सायकलची ट्यूब कापून वापरत. आजही ती अडीअडचणीला चालते. मोटारसायकलच्या कॅरियरला लावायची लवचिक दोरी मात्र चालत नाही. चार डाइव्हमध्ये ती ढिली पडते.

लांबीचा नेम असा: ढिली असताना बंजी काखेच्या जरा पुढं येऊन थांबावी, आणि व्हॉल्व्हवर चढवताना ओढावी लागावी. ओढायला एक हात पुरला पाहिजे. दोन हात लागत असतील तर ती आखूड आहे. न ओढता चढत असेल तर लांब आहे. मापं घेताना दोन्ही बाजू एकाच बैठकीत करा आणि गाठ मारल्यावर निदान सहा इंच दोरी शिल्लक ठेवा. आधीच कापून टाकली तर पुन्हा लांब करता येत नाही.

## टप्पा ५: कॅम बँडची जागा

आता कुठं सिलिंडर हातात घ्यायचं.

हार्नेस घालून ताठ उभे राहा. सोबत्याला सिलिंडर तुमच्या कुशीला धरायला सांगा, व्हॉल्व्ह काखेत आणि बूड खाली. नितंबाजवळच्या डी-रिंगच्या समोर सिलिंडरवर खडूनं खूण करा. बँड तिथं बसवा. स्नॅपची दोरी शक्य तितकी आखूड ठेवा, दोन बोटांपेक्षा जास्त नको. दोरी लांब ठेवणं ही दुसऱ्या नंबरची चूक. लांब दोरीवर सिलिंडर पाळण्यासारखं झुलतं.

ही खूण म्हणजे फक्त सुरुवात. पाण्यात गेल्यावर असं जुळवा:

- व्हॉल्व्हचा नॉब हनुवटीकडं येत असेल तर बँड व्हॉल्व्हच्या दिशेनं सरकवा. तो काखेच्या मागं जात असेल तर बँड बुडाकडं न्या.
- फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा व्हॉल्व्हवर बसणारा भाग) बरगडीला टोचत असेल तर बँड जागेवरच गोल फिरवा. एकावेळी बोटभर, जास्त नाही.
- मानेकडचा भाग छातीपासून सुटून लोंबत असेल तर बँडला हात लावू नका. टप्पा ४ आणि त्याआधी टप्पा ३ बघा.

बँड नेमका बसला की सिलिंडरवर कुठं येतो ते बुडापासून मोजून वहीत लिहा. पुढच्या वेळी भाड्याचं दुसरं सिलिंडर मिळेल, तुमची खूण त्यावर नसेल.

तपासा: दोन्ही सिलिंडर अडकवून डोळे मिटा. उजव्या हातानं उजवा नॉब आणि डाव्या हातानं डावा नॉब सापडला पाहिजे, आणि पूर्ण बंद-चालू करता आला पाहिजे. आपल्याकडं डाव्या-उजव्या जोडीचे व्हॉल्व्ह क्वचितच मिळतात. दोन्ही व्हॉल्व्ह एकसारखे असतील तर एका बाजूचा नॉब वेगळ्या दिशेला येणार. तो कुठल्या दिशेला आहे आणि कुठं फिरवला की बंद होतो, हे कोरड्यावर वीस वेळा करून हाताला शिकवा.

## टप्पा ६: रेग्युलेटर आणि होज

प्रचलित मांडणी अशी: उजव्या सिलिंडरला लांब होज, म्हणजे हवेची नळी, सुमारे २.१ मीटर. डाव्या सिलिंडरला आखूड होज, आणि त्याच्या टोकाचा सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) गळ्यातल्या रबरी फाशात हनुवटीखाली. विंग फुगवायचा होज डाव्या सिलिंडरवरून. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गेज, १५ सेंटिमीटरच्या आखूड होजवर.

लांब होजची वाट नीट समजून घ्या, कारण इथली चूक तुमच्या सोबत्याला भोवते. जास्तीचा होज उजव्या सिलिंडरवरच्या रबरी पट्ट्यांत दुमडून खोचायचा. तिथून तो छातीवरून आडवा डाव्या खांद्याकडं जातो, मानेमागून फिरतो आणि उजवीकडून तोंडात येतो. गळ्यातला आखूड होज आधी घालायचा, लांब होज नंतर, म्हणजे लांब होज सगळ्यांच्या वर राहतो. क्रम उलटा झाला तर हवा संपलेल्या माणसाला रेग्युलेटर देताना होज तुमच्याच गळ्यात अडकतो.

आखूड होजवरून श्वास घेत असाल तेव्हा लांब होजचा सेकंड स्टेज छातीच्या उजव्या रिंगला लावायचा. स्नॅप त्याला अशा ओ-रिंगनं बांधा, जी जोरात ओढली की तुटेल. घाबरलेला माणूस स्नॅप उघडत बसत नाही, तो हिसकावतो.

तपासा: सोबत्याला पूर्वसूचना न देता अचानक खूण करायला सांगा, "हवा नाही". तीन सेकंदांत लांब होज पूर्ण सुटून त्याच्या हातात गेला पाहिजे. गळ्यातला सेकंड स्टेज हात न लावता नुसत्या तोंडानं पकडता आला पाहिजे.

## टप्पा ७: आधी स्विमिंग टँक, मग समुद्र

(बेळगावात आपण पोहण्याच्या तलावाला टँक म्हणतो, म्हणून या लेखात सिलिंडरला टँक म्हटलेलं नाही.)

तलावाच्या व्यवस्थापनाची आधी परवानगी घ्या आणि सिलिंडरच्या बुडाला रबरी बूट घाला, फरश्या फुटतात. विहिरीत, खाणीच्या डबक्यात, धरणात सराव करू नका. गाळ, झाडाच्या फांद्या, जुनी जाळी असतात, वर यायची वाट अरुंद असते. शिवाय बेळगाव समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या आसपास आहे. ३०० मीटरच्या वरचं कुठलंही पाणी डायव्हिंगच्या हिशेबात उंचावरचं पाणी धरतात, आणि त्याचे नियम वेगळे आहेत.

तलावात वजन ठरवा. सिलिंडरमध्ये ५० बार दाबाची हवा उरलेली असताना, विंग रिकामी करून, पाच मीटर खोल थांबता आलं पाहिजे. एवढी खोली नसेल तर निदान तळाजवळ तरी. भरलेल्या सिलिंडरनं वजन ठरवणं ही नेहमीची चूक. एका भरलेल्या एटीमधल्या हवेचंच वजन अडीच किलोहून थोडं जास्त असतं. दोन्ही मिळून त्यातले चारेक किलो डाइव्हभर कमी होत जातात, आणि शेवटी सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना पाच मीटरवर थांबतो तेव्हा, माणूस बुचासारखा वर निघतो.

तलावाचं पाणी गोडं, समुद्राचं खारं. तुमचं आणि सामानाचं मिळून पाण्यातलं आकारमान १०० लिटर असेल तर समुद्रात सुमारे अडीच किलो वजन जास्त लागतं. तलावातलं माप तसंच समुद्रात नेऊ नका. वजनं कंबरेला न लावता पाठीच्या कण्यावर वाटून लावा.

ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचं आणखी एक. हवा कमी झाली की त्याचं बूड वर उचलू लागतं. माझ्या पहिल्या सरावात सोबती वर आल्यावर म्हणाला, "मागं बघ गा, शेपटी वर करून चाललायस." उपाय सोपा आहे. १०० बारच्या आसपास मागचा स्नॅप नितंबावरून काढून कंबरपट्ट्यावरच्या पुढच्या डी-रिंगला लावा. हे एका हातानं, न बघता, खोली न बदलता जमेपर्यंत तलावातच राहा.

व्हॉल्व्ह बंद-चालू करत त्यातूनच श्वास घेण्याचा सराव इथंच प्रशिक्षकासमोर करा. रेग्युलेटर उघडा पडून हवा वाया जाऊ लागली तर त्या सिलिंडरमधली हवा अशीच वाचवता येते.

## टप्पा ८: होडीवरून पाण्यात

मालवण-गोव्याच्या होड्या लहान असतात. दोन सिलिंडर अंगाला लावून काठावर उभं राहणं गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून आधी आपण उतरायचं आणि सिलिंडर पाण्यात घ्यायची. क्रम असा:

१. होडीवरच दोन्ही व्हॉल्व्ह उघडा, दोन्ही सेकंड स्टेजमधून श्वास घ्या, गेज वाचा.
२. विंगमध्ये हवा भरून पाण्यात उतरा. होडीची दोरी धरा.
३. डावं सिलिंडर घ्या. मानेचा स्नॅप (सिलिंडरच्या मानेला बांधलेला) छातीच्या रिंगला आधी, मग मागचा स्नॅप, मग बंजी, मग विंगचा होज.
४. आखूड होज गळ्यात घाला.
५. उजवं सिलिंडर त्याच क्रमानं. सगळ्यात शेवटी लांब होज मानेभोवती.

काढताना नेमकं उलट: मानेचा स्नॅप शेवटी. बंजी निसटली तरी सिलिंडर तळाला जात नाही, ते या एका स्नॅपमुळं.

तपासा: तीन मीटरवर थांबा. सोबत्यानं तुमच्याभोवती एक फेरी मारून बुडबुडे, अडकलेले होज आणि उघडे स्नॅप बघायचे. मग तुम्ही त्याचे बघा.

## टप्पा ९: हवेचा हिशेब

ही दोन सिलिंडर एकमेकांना जोडलेली नाहीत. एक पूर्ण संपवून दुसऱ्यावर गेलात तर जादा सिलिंडर आणून काही मिळवलं नाही. सुरुवात २००-२०० असेल तर उजव्यातून १७० पर्यंत या, मग डाव्यातून १४०, मग पुन्हा उजव्यातून ११०. दोन्हींतला फरक ३० बारपेक्षा फार वाढू देऊ नका.

परतीचा आकडा डाइव्हच्या आधी काढा. समजा २० मीटरवर आहात आणि सोबत्याची हवा संपली. घाबरलेल्या प्रत्येकाचे मिनिटाला ३० लिटर धरले तर दोघांचे ६०. २० मीटरवर दाब ३ बार, म्हणून सावरायला लागलेल्या एका मिनिटात १८० लिटर. वर यायला तीन मिनिटं, सरासरी २ बार, म्हणजे ३६० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटं, दीड बार, म्हणजे २७० लिटर. एकूण ८१०. दोन्ही सिलिंडरमध्ये ५० बार असतील तर ११.१ गुणिले ५० गुणिले २, म्हणजे १,११० लिटर. पुरतात. पण ५० ला तुम्ही वर चढायला लागलेले असायला हवं. त्या आकड्यावर परत फिरायचा विचार सुरू करून चालत नाही.

## टप्पा १०: घाट चढण्याआधी

हा टप्पा आपल्या भागातल्या लोकांसाठीच आहे, आणि तोच सगळ्यात जास्त चुकतो. रविवारी दुपारी डाइव्ह संपते, जेवण होतं आणि चार वाजता गाडी चोर्ल्याला किंवा आंबोलीला लागते. विमानप्रवासाबद्दलचा डॅन या डायव्हिंग सुरक्षेच्या संस्थेचा सल्ला सगळ्यांना पाठ असतो: एकच डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास थांबा, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस केले असतील तर १८ तास. पण तो सल्ला ६१० मीटरपासून पुढच्या उंचीसाठी आहे, आणि बेळगाव त्याच्या वर आहे. शरीरातल्या नायट्रोजनला विमान आणि घाट यांतला फरक कळत नाही.

म्हणून शेवटच्या दिवशी एकच डाइव्ह, तीही सकाळी, आणि मुक्काम किनाऱ्यावरच. शनिवार-रविवार दोन्ही दिवस डाइव्ह केली असेल आणि रविवारी सकाळी अकराला पाण्याबाहेर आलात, तर सोमवारी पहाटे पाचच्या आधी घाट नको. त्या रात्री हार्नेस, बंजी आणि स्नॅप गोड्या पाण्यात भिजत ठेवा, आणि झोपण्याआधी प्रत्येक स्नॅपची खिट्टी दहा वेळा दाबून सोडा. सांधे दुखू लागले, अंगावर पुरळ उठलं, हातापायाला मुंग्या आल्या किंवा वेगळाच थकवा वाटला, तर गाडी घाटाकडं न वळवता तिथल्या डाइव्ह सेंटरला लगेच कळवा, ऑक्सिजन मागा आणि दवाखान्यात जा.